जुन्या वाड्याचे आधीचे मालक शोधायचेत? यायच्या आधी एवढं वाचा

गावाकडचे जुने वाडे घेणारे लोक हल्ली वाढलेत. कोण फार्महाऊस करतं, कोण नुसतंच सागवानी खांब बघून भुलतं, आणि राहायला गेल्यावर शेजारचं एखादं म्हातारं सांगतं की हा अमक्या देशमुखांचा वाडा ओ, मग त्या देशमुखांचं पुढं काय झालं हे कळेपर्यंत चैन पडत नाही. अशी मंडळी जुन्या कागदांवरून घराणी शोधून देणाऱ्या आमच्या ऑफिसात येतात आणि खुर्चीवर बसायच्या आधी टेबलावर सातबारा ठेवतात.

तर सांगायचंय ते या सातबाऱ्याबद्दलच. गावठाणातल्या वाड्याला सातबारा नसतो, तो जमिनीचा. वाड्याची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीत, आणि सिटी सर्व्हे झालेला असेल तर प्रॉपर्टी कार्डावर. तुम्ही आणता तो वाड्यासोबत घेतलेल्या शेताचा उतारा, आणि शेत नि वाडा एकाच घराण्याचे असतील असं कुठं लिहिलंय? १ एप्रिल १९५७ नंतर कूळ कायद्यानं कसणारे मालक झाले, जमिनी गेल्या पण वाडे जुन्या मालकांकडंच राहिले, ते नंतर कधीतरी विकले गेले. आमच्याकडं एक केस अशी आली की शेत विकणाऱ्याच्या आजोबाला एका जमीनदाराकडून कूळ म्हणून मिळालेलं आणि वाडा त्यांनी मागाहून दुसऱ्याच घराण्याकडून विकत घेतलेला. आम्ही उताऱ्यावर विश्वास ठेवून फेरफार, म्हणजे मालक बदलल्याच्या नोंदी, काढत मागं मागं गेलो आणि दोन महिने भलत्याच जमीनदाराची वंशावळ जुळवत बसलो. गिऱ्हाईक आमच्यावर चिडलं, आम्ही मनातल्या मनात त्यांच्यावर.

म्हणून खरेदीखत आणा. तुमचं तर आणाच, पण विकणाऱ्याला मिळालेलं जुनं खत मागून घ्या, बहुतेक वेळा ते त्यांच्या ट्रंकेत पडलेलं असतं आणि सौदा झाल्यावर कुणी देत नाही. त्यात वाडा कुणाकडून कसा आला हे लिहिलेलं असतं, आणि चतुःसीमा असते. 'दक्षिणेस जाण्यायेण्याचा बोळ, उत्तरेस सोनाराची पडकी भिंत' एवढ्यावरून आम्ही वाडा ओळखतो, घरनंबर चार वेळा बदलतात, बोळ सहसा बदलत नाही.

नावांचं पण एक आहे. जुन्या कागदात आडनाव बऱ्याचदा नसतंच, रामजी बिन सटवाजी म्हणजे सटवाजीचा मुलगा रामजी, आणि भागीरथी कोम रामजी म्हणजे त्याची बायको. नातवाला आजोबाचं नाव ठेवायची पद्धत, त्यामुळं पन्नास वर्षांच्या अंतरानं तेच नाव परत येतं आणि लोक दोन माणसांचा एक करतात. दत्तक गेलेल्याचा तर बापच बदलतो. आणि उताऱ्यावरचं एकुमॅ हे आडनाव नाही हो, एकत्र कुटुंब मॅनेजर! एकानं खरंच विचारलं होतं की हे एकुमॅ लोक कर्नाटकातले का. तिथं थोरल्याचं नाव लागलं म्हणजे त्याला भाऊ नव्हते असं धरू नका.

आमच्या सोलापूर भागातलं अवघड म्हणजे हद्दी. गाव अक्कलकोट संस्थानातलं असेल तर कागद वेगळे, तुळजापूर-नळदुर्गकडं १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, तिथं उर्दू आणि फसली, म्हणजे महसुली सन. फसलीत ५९० मिळवा, म्हणजे फसली १३३० हे साधारण १९२०-२१. वतनदार, इनामदार घराणं असेल तर पुण्याच्या पुरालेखागारात जावं लागतं. १८५२ च्या कायद्यानं अधिकार मिळालेल्या इनाम कमिशनपुढं लोकांनी हक्क दाखवायला वंशावळी दिल्या होत्या, त्यातली सापडली तर एका कागदात चार पिढ्या मिळतात. शिवाय हेळवी. बैलावर बसून येणारे हेळवी घराण्याच्या पिढ्या सांगतात, त्यांच्याकडचं आम्ही लिहून घेतो पण कागदाशी ताडल्याशिवाय रिपोर्टात टाकत नाही.

"नुसतं मोडी वाचायला एवढे पैसे?" असं फोनवर रोज कुणीतरी विचारतं. मोडी ही जुन्या कागदांची लिपी, तिच्यात ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं, हात उचलायचा नाही म्हणून अक्षरं एकात एक गेलेली, कारकुनाचं वळण ओळखीचं व्हायलाच एक दिवस जातो. एक नाव चुकलं तर पुढची सगळी पिढी चुकते, म्हणून आमच्याकडं प्रत्येक पान दोघं वेगवेगळं वाचतात. पैसे शोधण्याचे घेतो, सापडण्याचे नाही, त्यामुळं "सापडलं नाही" हा पण रिपोर्ट असतो आणि कुठं कुठं बघितलं ते त्यात लिहून देतो. आणि हा टायटल सर्च, म्हणजे मालकी हक्काची कायदेशीर तपासणी नव्हे, वकील साधारण तीस वर्षं बघतात ते त्यांच्याकडूनच करून घ्या.

खरेदीखत बघून काम होईल का नाही हे सांगायचे पैसे घेत नाही. कागद ओरिजिनल आणा, फाटला असला तरी तसाच आणा, सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. गड्ड्याच्या यात्रेच्या (सिद्धेश्वराची, जानेवारीतली) आठवड्यात ऑफिस बंद असतं.