नकाशातला चौक संगणकाला कसा कळतो?

डिजिटल नकाशा म्हणजे उपग्रहाचा फोटो आणि त्यावर चिकटवलेली नावं, हा समज काही जात नाही. फोटोत रंगीत ठिपक्यांखेरीज काही नसतं. ‘पुढच्या चौकात डावीकडे वळा’ असं फोन सांगतो तो डेटाबेस वाचून. अशाच एका डेटाबेसची, ओपनस्ट्रीटमॅपची, मांडणी पुढे कशी असावी, यावर जाणकारांत बरीच वर्षं वाद चालू आहे. वाद रूक्ष वाटेल, पण मला तो भलताच आवडतो.

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला, स्वयंसेवकांनी घडवलेला जगाचा नकाशा. त्यात मूळ घटक तीनच: नोड, वे आणि या घटकांचा गट बांधणारं रिलेशन. नोड म्हणजे अक्षांश-रेखांश असलेला बिंदू. वे म्हणजे रेषा, पण या रेषेकडे स्वतःचे अक्षांश-रेखांश नसतातच! तिच्याजवळ असते ती नोडच्या क्रमांकांची यादी, जास्तीत जास्त २००० क्रमांकांची. दोन रेषा चित्रात एकमेकींना छेदतात म्हणून तिथे चौक होत नाही. उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ताही छेदतातच. दोन्ही याद्यांत एकच नोड असेल, तरच वळता येतं. तो नोड सरकवला की दोन्ही रस्ते त्याच्यासोबत सरकतात, जोड सुटत नाही.

याची किंमतही आहे. एक रस्ता काढायचा तर यादीतला प्रत्येक क्रमांक अब्जावधी नोडांच्या साठ्यात शोधावा लागतो. शिवाय नोड सरकवला तर नोडची आवृत्ती बदलते, रेषेची नाही. रस्त्याचा आकार पार बदलला, तरी त्या रेषेच्या स्वतःच्या नोंदीत बदलाचा मागमूस नसतो.

मग अक्षांश-रेखांश थेट रेषेतच का ठेवू नयेत? ठेवता येतील. चौक ओळखायला दोन रेषांतले आकडे तंतोतंत जुळतात का, एवढंच पाहायचं. अंशाचे एक कोटी भाग करून आकडा पूर्णांकात साठवतात, म्हणजे एक पायरी फार तर १.१ सेंटिमीटरची, त्यामुळे ‘जवळपास सारखं’ असा घोळ होत नाही. अडचण येते ती पुलापाशी. पुलावरचा आणि खालचा बिंदू नेमके एकाच आकड्यावर आले, तर आज ते दोन वेगळे नोड असतात. नव्या मांडणीत मात्र तिथे फुकटचा चौक तयार होईल.

एआय आता फोटोवरून आपोआप नकाशे काढेल, असा गाजावाजा चालतो. रेषा तो काढेलही. पण एखाद्या चौकात वळायला बंदी आहे, हे वरून घेतलेल्या फोटोत बहुधा दिसत नाही.

क्षेत्रफळाचं दुखणं वेगळंच. बंद रेषा म्हणजे बाग की गोल फिरणारा रस्ता, हे फक्त तिच्या टॅगवरून, म्हणजे तिला जोडलेल्या माहितीच्या चिठ्ठीवरून ठरतं, आणि बेट असलेल्या तळ्यासाठी रिलेशन जोडावं लागतं. क्षेत्राला स्वतंत्र घटक करा, ही मागणी जुनी आहे. पण एपीआयची, म्हणजे सॉफ्टवेअर ज्यातून हा डेटा वाचतं-लिहितं त्या ठरलेल्या मार्गाची, ०.६ ही आवृत्ती २००९ पासून चालत आली आहे, आणि मधल्या काळात लिहिलेली सॉफ्टवेअर हे तीनच घटक गृहीत धरून बसली आहेत.