राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात

तप्त लाव्ह्यावरचा पूल, त्यावर राजकन्येला पळवणारा, ज्वाळा ओकणारा बाउझर आणि त्याच्या मागे कुऱ्हाड. मारिओ कसाबसा कुऱ्हाडीपर्यंत पोचतो, पूल निखळतो, बाउझर खाली जातो. आता राजकन्या भेटणार! पण पुढच्या दालनात अळंबीच्या आकाराच्या डोक्याचा टोड उभा असतो आणि वर पांढरी अक्षरं उमटतात: 'थँक यू मारिओ! बट अवर प्रिन्सेस इज इन अनदर कॅसल!'

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा व्हिडिओ गेम जपानमध्ये १३ सप्टेंबर १९८५ रोजी आला. प्रत्येकी चार टप्प्यांची आठ जगं, आणि प्रत्येक जगाच्या शेवटी किल्ला. हे वाक्य त्यातल्या सात किल्ल्यांत ऐकून घ्यावं लागतं.

ही हुलकावणी मात्र त्याच्याही आधीची. अमेरिकेत निन्टेन्डो या जपानी कंपनीची 'रडार स्कोप' या गेमची, नाणं टाकून खेळायची यंत्रं न खपता पडून होती. त्यांच्यात घालायला नवा गेम हवा म्हणून शिगेरू मियामोतो या तरुण कलाकाराने १९८१ साली 'डाँकी काँग' रचला. त्यातला उड्या मारणारा सुतार, जम्पमॅन, हाच पुढे मारिओ झाला. एका वानराने पोलीन या तरुणीला पळवून पोलादी सांगाड्यावर नेलेलं असतं. मारिओ वर पोचतो, दोघांमध्ये हृदय उमटतं, तोच वानर तिला उचलून आणखी वर जातो आणि हृदय दुभंगतं. शेवटच्या टप्प्यात सांगाड्याचे आठ रिव्हेट (जोडखिळे) काढले की वानर कोसळतो, दोघं भेटतात आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. नाण्यावर चालणाऱ्या यंत्राला गोष्ट संपणं परवडत नाही. (बाविसाव्या लेव्हलला वेळेच्या हिशेबातल्या चुकीमुळे मारिओला पुरेसा वेळच मिळत नाही आणि तो मरतो. तेवढा एक शेवट आहे, पण तो कुणी ठरवून लिहिलेला नव्हता.)

१९८३ मध्ये निन्टेन्डोचा फॅमिकॉम हा घरगुती गेम-संच आला आणि खेळ घरातल्या टीव्हीवर गेला. गेमची कार्ट्रिज (आपल्याकडची 'कॅसेट') एकदा विकत घेतली की संपलं, दर डावाला नाणं नको. म्हणजे गोष्टीला शेवट असायला हरकत नव्हती. 'सुपर मारिओ'त तो आहेही, पण जुनी सवय सुटलेली दिसत नाही. मला तरी टोडचं वाक्य म्हणजे त्या दुभंगलेल्या हृदयाचा घरगुती अवतार वाटतो.

त्यात जागेची टंचाई. अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये बसवलेला. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र, फक्त रंग वेगळा. सहाव्या जगातला किल्ला म्हणजे पहिल्याचाच, अडथळे वाढवलेला, पाचव्यातला दुसऱ्याचा. तेच दालन आणि तेच वाक्य सात वेळा वापरणं हा त्याच काटकसरीतला भाग.

एक गंमत बहुतेकांच्या नजरेतून सुटते. कुऱ्हाडीकडे न धावता आगीचे गोळे मारून बाउझरला संपवलं, तर पडता पडता त्याचं सोंग उतरतं. पहिल्या किल्ल्यात तो साधा गूंबा, म्हणजे खेळातला सगळ्यात किरकोळ शत्रू निघतो, दुसऱ्यात कासव. सातही तोतये! खरा बाउझर आठव्यातच. टोड बिचारा खरंच बोलत होता.

आणि ज्यांना पाइपांच्या चोरवाटा ठाऊक होत्या, त्यांची टोडशी गाठच पडत नसे. १-२ मध्ये, म्हणजे पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यात, छताच्या विटांवरून चालत गेलं की थेट चौथं जग. ४-२ मध्ये लपलेला वेल सापडला की आठवं. मधले सगळे किल्ले गाळले जातात. म्हणजे सात वेळा निराशा कुणाच्या वाट्याला? सरळ मार्गाने खेळणाऱ्याच्या! शेवटी राजकन्या भेटते तेव्हा मोहीम संपल्याचं सांगते, आणि त्याच दमात नवी, जास्त अवघड मोहीम हातात ठेवते. नाण्याचं यंत्र काही पुरतं मेलेलं नव्हतं.

२००८ मध्ये जोनाथन ब्लो यांच्या 'ब्रेड' या गेमने हेच वाक्य थोडं फिरवून पुन्हा वापरलं. त्याच्या शेवटाला काळ सुलटा होतो आणि कळतं, की राजकन्या आपल्यापासूनच पळत होती.

आपल्याकडे मारिओ नव्वदच्या दशकात आला, तो बहुतेक घरांत फॅमिकॉमच्या नकली भावंडांमधून. शंभर गेमची कॅसेट, लागली नाही की काढून फुंकर मारायची. मूळ जपानी कार्ट्रिजमध्येही टोडचं वाक्य इंग्रजीतच होतं, तेव्हा इंग्रजी न येणारी पोरं तिकडेही अक्षरांकडे बघतच बसली असणार. महाराष्ट्रात मराठी शाळांमधून पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. त्याआधी ते पाचवीपासून होतं. त्यामुळे तिसरी-चौथीतल्या कित्येकांना टोड हीच राजकन्या वाटायची आणि पुढचं जग का सुरू झालं ते कळत नसे. मग गल्लीतला सातवीतला दादा हातातला रिमोट काढून घेत सांगायचा, "ही नाय रे ती. पुढं हाये."