आजीला बल्ब पिवळा दिसतो

चार पेशंट, आधी कुणाकडे जाणार? नर्सिंगची परीक्षा कुठलीही असो, आपल्या युनिव्हर्सिटीची, एम्सची नॉरसेट नाहीतर परदेशी जायची एनक्लेक्स, हा प्रश्न येतोच आणि पोरी नेमक्या इथेच मार्क घालवतात. परवा वर्गात मी असा दिला: एक जण ऑपरेशननंतर दुखतंय म्हणून ओरडतोय, एकाची शुगर १८० आणि जेवण यायचंय, एकाचा डिस्चार्ज अडकला म्हणून नातेवाईक काउंटरवर भांडतायत, आणि कोपऱ्यातल्या बेडवर ७८ वर्षांची आजी, डिगॉक्सिन (हृदयाची गोळी) आणि लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) चालू, कालपासून मळमळ, जेवण नको, मधेच म्हणाली, बाई, तुमचा बल्ब पिवळा का गं दिसतो?

अर्ध्या वर्गाने ओरडणारा निवडला. आजीला कुणी हिशेबातच धरलं नाही, म्हातारं माणूस, नसेल भूक!

आता बघा. डिगॉक्सिन येतं फॉक्सग्लोव्ह जातीच्या झाडापासून, विल्यम विदरिंग नावाच्या इंग्लिश डॉक्टरने १७८५ मधे त्याच्यावर पुस्तक लिहिलं, म्हणजे औषध जुनंच. आपल्या पेशींमधे एक पंप असतो, ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. डिगॉक्सिन हा पंप अडवतं, मग आत सोडियम साठतं, त्यामुळे कॅल्शियमही बाहेर पडायला मागत नाही आणि त्या कॅल्शियमवर हृदय जोरात आवळतं. शिवाय ठोकेही कमी होतात. पण गंमत अशी की पंपावर चिकटायला पोटॅशियम आणि डिगॉक्सिन एकमेकांशी भांडतात. लॅसिक्सने लघवीवाटे पोटॅशियम गेलं, रक्तात ३.५ च्या खाली आलं, की डिगॉक्सिनला रान मोकळं, डोस तोच पण विषासारखा चढतो. त्यात औषध बाहेर पडतं किडनीतून, आणि आजीच्या वयाला किडनी मंदावलेली. डोळ्याच्या पडद्यातही तोच पंप आहे म्हणून बल्ब पिवळा! एवढं डोक्यात बसलं की लक्षणांची यादी घोकायची गरजच नाही.

तर आधी आजीकडे. स्टेथोस्कोप छातीवर, डावीकडे बरगड्यांच्या पाचव्या फटीत, आणि पूर्ण १ मिनिट मोजायचं, १५ सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण ठोके वेडेवाकडे पडत असतील तर तो गुणाकार खोटा निघतो. ६० च्या खाली असेल तर डिगॉक्सिनची गोळी थांबवायची, डॉक्टरांना कळवायचं, ईसीजी आणि पोटॅशियमच्या तपासणीची तयारी ठेवायची. ओरडणाऱ्याला लगेच नंतर बघायचं, त्याचं दुखणं खोटं नाही, पण ओरडतोय म्हणजे श्वास तरी चालू आहे.

पहिल्या बाकावरच्या पोरीने विचारलं, मॅडम, पल्स ६२ आली तर गोळी द्यायची ना? नाही द्यायची गं. ६० चा आकडा काही तक्रार नसलेल्या पेशंटसाठी, इथे आजी स्वतः सांगतेय बल्ब पिवळा दिसतो म्हणून, गोळी ट्रेमधेच राहू दे आणि आधी डॉक्टरांना फोन लाव.