प्रकट मुलाखत (नाशिक)

लेखक, कलावंत, खेळाडू, संशोधक, कारागीर किंवा समाजकार्यकर्ता यांच्याशी श्रोत्यांसमोर प्रश्नोत्तरांतून साधलेला संवाद म्हणजे प्रकट मुलाखत. पाहुण्याचे आयुष्य आणि त्याचे काम हे दोन्ही विषय तिच्यात येतात. मुलाखतीचा कालावधी साधारण सव्वा ते दीड तास असतो. स्वागत, सत्कार, प्रास्ताविक आणि आभार हे तिच्या व्याख्येत बसत नाहीत. वेळ मात्र तिच्याच वाट्याचा खातात. मुंबई दूरदर्शनच्या ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ या कार्यक्रमाने लेखक-कलावंतांच्या मुलाखती घरोघरी पोहोचवल्या, आणि सुधीर गाडगीळ यांच्यासारख्यांमुळे ‘मुलाखतकार’ ही रंगमंचावरची स्वतंत्र ओळख रूढ झाली. साहित्य संमेलनांतही मान्यवर लेखकाची मुलाखत हा आता ठरलेला कार्यक्रम असतो.

नाशिकमध्ये या प्रकाराला तयार श्रोता मिळतो, कारण ऐकण्याची सवय येथे जुनी आहे. सार्वजनिक वाचनालय १८४० मध्ये स्थापन झाले. गोदाघाटावरच्या यशवंतराव महाराज पटांगणावर दर मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला भरते. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार १९९१ पासून एक वर्षाआड २७ फेब्रुवारीला दिला जातो. पहिला मानकरी विजय तेंडुलकर. मधल्या वर्षी १० मार्चला गोदावरी गौरव पुरस्कार असतो आणि त्यात साहित्याबाहेरच्या क्षेत्रांतले, म्हणजे नाट्य-चित्रपट, संगीत-नृत्य, चित्र-शिल्प, साहस, लोकसेवा यांतले लोक नाशिकला येतात. डिसेंबर २०२१ मध्ये ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही आडगाव परिसरात झाले. अशा निमित्ताने आलेल्या पाहुण्याला एक संध्याकाळ जास्त थांबवून मुलाखत ठेवणे संस्थांना सोयीचे जाते. पुरस्काराच्या दिवशीच मुलाखत ठेवू नये. पाहुणा सकाळपासून भेटीगाठींत बोलून थकलेला असतो आणि जे सांगायचे ते त्याने पुरस्काराला उत्तर देताना सांगून टाकलेले असते.

जागा निवडताना गर्दीचा अंदाज थोडा कमीच धरावा. दीडशे माणसे सार्वजनिक वाचनालयाच्या औरंगाबादकर सभागृहात किंवा कुसुमाग्रज स्मारकातील विशाखा सभागृहात भरून वाटतात. तीच महाकवी कालिदास कलामंदिरात विखुरतात आणि पाहुण्याला रिकाम्या खुर्च्यांशी बोलावे लागते. नट, गायक किंवा लोकप्रिय कवी असेल तरच कालिदास घ्यावे. घाटावरच्या पटांगणाला तोड नाही, पण तिथे रामकुंडाकडची आरती, वारा आणि डास हे तिघे न बोलावता येतात. आरतीची वेळ आधी विचारून घेऊन त्यानंतर सुरुवात केली तर निम्मी अडचण सुटते.

तयारी. मुलाखत बिघडते ती बहुतेक वेळा मंचावर येण्याआधीच. मुलाखतकाराने पाहुण्याचे काम स्वतः वाचलेले, पाहिलेले किंवा ऐकलेले असावे. परिचयपत्रकावरून काढलेले प्रश्न तिसऱ्या मिनिटाला ओळखू येतात. लेखक असेल तर किमान तीन पुस्तके, त्यांत पहिले आणि अगदी अलीकडचे हवेच. चित्रकाराच्या बाबतीत छापील चित्रांवर न थांबता त्याच्या कामाच्या खोलीत जाऊन यावे: कागद कोणता, रंग कुठून येतात, अर्धवट सोडलेली चित्रे कुठे ठेवतो, याची नोंद घ्यावी. स्थानिक पाहुण्याबद्दल ‘गावकरी’ आणि ‘देशदूत’ या दैनिकांच्या जुन्या अंकांत कधी कधी असे काही सापडते, की जे तो स्वतःही विसरलेला असतो.

आठ-दहा दिवस आधी एक भेट घ्यावी, तासाभराची. या भेटीत सन, नावे, गावे आणि नातेवाइकांचे तपशील पक्के करायचे, कोणत्या विषयाला हात लावायचा नाही ते विचारायचे, आणि किस्से मात्र पूर्ण ऐकायचे नाहीत. ही गोष्ट अनेक नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. एकदा मनापासून सांगितलेली आठवण आठवड्याभरात पुन्हा सांगताना पाहुणा ती आटोपशीर करतो, ‘मघाशी तुम्हाला म्हटलं तसं’ असे म्हणतो आणि श्रोत्यांना अर्धेच मिळते. म्हणून भेटीत गोष्ट रंगू लागली की ‘हे मंचावरच ऐकू’ म्हणून पुढे सरकावे. उलट प्रश्नांची यादी पाहुण्याला आधी देऊ नये, विषय सांगावेत. यादी मिळालेला पाहुणा उत्तरे लिहून आणतो आणि वाचून दाखवतो.

प्रश्न. दीड तासासाठी पंचवीस-तीस प्रश्न काढून ठेवले तर त्यांतले बारा-पंधराच विचारले जातात. ते पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदांवर लिहावेत, एका कार्डावर एकच विषय, अक्षर मोठे. पाच-सहा कार्डे पुरतात. मोबाइलवर प्रश्न ठेवू नयेत: खाली पाहणारा मुलाखतकार निरोप वाचतो आहे असे शेवटच्या रांगेला वाटते, आणि पाहुण्यालाही.

सर्वांत वाया जाणारा प्रश्न म्हणजे ‘तुमची प्रेरणा काय?’ त्याला आई, गुरू किंवा परमेश्वर यांपैकी एक उत्तर येते आणि तिन्ही खरी असली तरी त्यांतून काही कळत नाही. काम कसे होते हे विचारले की प्रेरणा आपोआप बाहेर येते. येवल्याच्या पैठणी विणकराला विचारावे, की पदरावरचा मोर मागावर कोणत्या टोकाने सुरू होतो, एक धागा चुकला तर कुठपर्यंत उसवावे लागते, दिवसाला किती बोटे विणून होते, आणि जरीचा धागा महागला तेव्हा नक्षीत काय कमी केले. नाटककाराला विचारावे, की तालमीत कोणता प्रवेश कापला आणि कोणाच्या सांगण्यावरून. धावपटूला शर्यतीपेक्षा दुखापतीनंतरच्या सहा महिन्यांबद्दल विचारावे. क्रियापद असलेला, एकाच गोष्टीवर रोखलेला प्रश्न चांगला. ‘कसं वाटलं?’ हा कामापुरताच वापरावा, एका मुलाखतीत एकदा.

एका दमात दोन प्रश्न विचारले तर पाहुणा सोपा निवडतो. प्रश्न अर्ध्या मिनिटापेक्षा लांबला तर तो प्रश्न उरत नाही, मुलाखतकाराचे मत होते. मंचावरच्या एकूण बोलण्यात मुलाखतकाराचा वाटा पाचव्या हिश्शापेक्षा जास्त असू नये. नाशिकमध्ये, आणि इतरत्रही, हा नियम सर्वाधिक मोडतात ते स्वतः नामवंत असलेले मुलाखतकार.

बालपण ही दुसरी फसवी जागा. जन्मापासून क्रमाने सुरुवात केली तर शाळा संपेपर्यंत चाळीस मिनिटे जातात आणि ज्या कामासाठी लोक आले ते शेवटच्या पंधरा मिनिटांत कोंबले जाते. त्यामुळे पहिला प्रश्न सध्या हातात असलेल्या कामावर ठेवावा आणि तिथून मागे जावे. बालपणाला एक कार्ड पुरे.

बऱ्याच पाहुण्यांकडे घोटून तयार झालेले पाच-सात किस्से असतात. ते श्रोत्यांना आवडतात, म्हणून तोडू नयेत. पण किस्सा संपून हशा ओसरला, की लगेच त्यानंतर काय झाले ते विचारावे. ‘मग दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे परत गेलात का?’ या प्रश्नाचे उत्तर तयार नसते. पाहुणा थांबला तर मुलाखतकारानेही तीन-चार सेकंद थांबावे. ही शांतता मंचावर फार लांब वाटते आणि प्रेक्षागृहात जाणवतही नाही. नेमक्या याच क्षणी घाईने पुढचा प्रश्न टाकल्याने चांगली उत्तरे हरवतात.

संबोधन आधी ठरवावे. जुनी मैत्री असली तरी मंचावर ‘अरे-तुरे’ केल्यास दोघांच्या खासगी गप्पा चालल्या आहेत असे होते. ‘तुम्ही’ पुरेसे आहे. वयाने मोठ्यांना सर, ताई, दादा, जसे गावात म्हणतात तसे. बागलाण, कळवण, मालेगावकडचा पाहुणा बोलता बोलता अहिराणीवर आला तर त्याला अडवू नये, प्रमाण मराठीत ओढू नये. गरज वाटली तर मुलाखतकाराने पुढच्या प्रश्नातच त्या वाक्याचा अर्थ सहज घ्यावा.

मंच आणि ध्वनी. दोन ताठ पाठीच्या, हात टेकवता येतील अशा खुर्च्या, चार-साडेचार फूट अंतरावर, एकमेकींकडे आणि श्रोत्यांकडे अर्ध्या वळलेल्या. सोफा नको. त्यात माणूस रुततो, पोट दाबले जाऊन आवाज बसतो आणि साठीपुढच्या पाहुण्याला उठताना हात द्यावा लागतो. मध्ये बुटके टीपॉय, त्यावर झाकलेल्या पेल्यात कोमट पाणी. पुष्परचना टीपॉयवर ठेवली की पहिल्या तीन रांगांना पाहुण्याची हनुवटी दिसत नाही. ती खाली, मंचाच्या कडेला ठेवावी.

कॉलर माइकने हात मोकळे राहतात, पण साडीचा पदर, मंगळसूत्र आणि सत्काराची शाल त्यावर घासून खरखर येते. म्हणून शाल आधी, माइक नंतर. आणि तो हनुवटीपासून वीतभर खाली, दागिन्याच्या दुसऱ्या बाजूला लावावा. हातातला माइक तोंडापासून चार बोटे ठेवायचा असतो, मात्र हातवारे करणारा पाहुणा तो कमरेपाशी नेतो. अशा पाहुण्यासमोर स्टँड बरा. मंचाकडे तोंड केलेला एक छोटा स्पीकर हवाच, कारण मोठ्या स्पीकरच्या मागे बसलेल्या वयस्कर पाहुण्याला प्रश्न ऐकू येत नाही आणि तो अंदाजाने उत्तर देतो. मात्र या स्पीकरचा आवाज वाढवला की शिट्टी येते. दोन्ही माइक चालू ठेवून आवाजाची पातळी अर्धा तास आधी ठरवून घ्यावी. बॅटऱ्या नव्या घालाव्यात. घाटावर माइकला फोमची टोपी चढवावी, आणि लहान सभागृहात मंचावरचा पंखा बंद करून बाजूचा लावावा.

चित्रकार, छायाचित्रकार किंवा वास्तुरचनाकार असेल तर पडद्यावर पंधरा-वीस चित्रे पुरे. पडदा पाहुण्याच्या मागे असला तर तो सतत मान वळवतो आणि आवाज माइकपासून दूर जातो. त्याच्यासमोर खाली एक छोटा पडदा किंवा लॅपटॉप ठेवावा. गायकाच्या मुलाखतीत गाणे येणारच. पेटी आणि तबला जुळवून मंचाच्या कडेला तयार नसतील तर जुळवाजुळवीत दहा मिनिटे जातात.

दिवसाचा क्रम. मुंबईहून नाशिक साधारण १७० किलोमीटर, पुण्याहून दोनशेच्या वर. कसारा घाटात किंवा पुणे रस्त्यावर वाहतूक अडली की संध्याकाळचा पाहुणा रात्री पोहोचतो, म्हणून त्याला दुपारच्या जेवणालाच बोलवावे. सहाचा कार्यक्रम असेल तर दीपप्रज्वलन, परिचय, सत्कार हे सगळे पंधरा मिनिटांत संपले पाहिजे. परिचय दोन मिनिटांचा. पुरस्कारांची यादी निमंत्रणपत्रिकेत छापलेली असते. प्रायोजकांचे सत्कार शेवटी ठेवावेत, कितीही अवघड वाटले तरी. मानधन आणि प्रवासखर्च आधी बोलून ठेवावा आणि पाकीट मंचावर देऊ नये.

श्रोत्यांचे प्रश्न चिठ्ठ्यांवर घेणे हिताचे. फिरता माइक दिला की प्रश्नाआधी स्वतःचा परिचय, कविता किंवा तक्रार येते. मुलाखत अर्धी झाली की स्वयंसेवकांनी चिठ्ठ्या गोळा करायच्या, एका जाणकाराने सारखे प्रश्न एकत्र करून पाच-सहा निवडायचे, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत मुलाखतकाराने ते वाचायचे. शाळकरी मुलांना मात्र उभे राहून विचारू द्यावे. ती थेट विचारतात.

ध्वनिमुद्रण आणि शब्दांकन. मुद्रण दोन यंत्रांवर करावे: एक ध्वनियंत्रणेतून थेट, दुसरे टीपॉयवर. थेट वाहिनीत टाळ्या-हशा येत नाही, टीपॉयवरच्या यंत्रात खोकला येतो. शब्दांकनाला दोन्ही लागतात. तासाभराचे बोलणे उतरवायला चार ते सहा तास जातात. दीड तासाचे दहा हजारांच्या आसपास शब्द होतात आणि दिवाळी अंकाला अडीच-तीन हजार हवे असतात. कापताना मुलाखतकाराचे प्रश्न आधी कापावेत, मग पुनरुक्ती; पाहुण्याची बोली, अडखळून स्वतःला दुरुस्त करणे आणि पैशांचे आकडे शक्यतो ठेवावेत. उत्तरांचा क्रम बदलल्यास अर्थ बदलत नाही ना, हे मूळ मुद्रणाशी ताडून पाहावे. छापण्यापूर्वी मजकूर पाहुण्याला दाखवतात. या वेळी तो मंचावर बोललेले धारदार वाक्य मागे घेऊ पाहतो, तेव्हा मागे घेऊ द्यावे. हयात व्यक्तीवरचा आरोप असेल तर त्याने न सांगताही काढावे. ध्वनिमुद्रण, छपाई आणि ध्वनिचित्रफीत यांच्यासाठी तीन वेगळ्या ओळींची लेखी संमती कार्यक्रमाआधीच घेऊन ठेवतात, कारण छपाईला हो म्हणणारे अनेकजण ध्वनिचित्रफितीला नाही म्हणतात.