रक्तातून प्रायॉन रोग ओळखायची धडपड, मागची गोष्ट

प्रायॉन म्हणजे ना बॅक्टेरिया ना व्हायरस. आपल्याच शरीरातलं एक प्रोटीन चुकीचं दुमडतं आणि मग शेजारच्या चांगल्या प्रोटीनलाही तसंच दुमडायला लावतं, त्यात डीएनए-आरएनए काही नसतं म्हणून पीसीआर चालत नाही आणि शरीराला ते परकं वाटतच नाही म्हणून अँटीबॉडीही बनत नाहीत. म्हणजे नेहमीच्या ब्लड टेस्टचे दोन्ही रस्ते आधीच बंद.

१९८२ साली स्टॅनली प्रुसिनर यांनी प्रायॉन हे नाव दिलं, पण रक्ताची काळजी खरी सुरू झाली ब्रिटनमध्ये. मॅड काऊ रोग १९८६ मध्ये ओळखला गेला, मार्च १९९६ मध्ये त्याचंच माणसांतलं रूप, व्हेरिएंट सीजेडी, जाहीर झालं (सीजेडी म्हणजे क्रॉइट्झफेल्ट-जेकब डिसीज, मेंदूचा जीवघेणा प्रायॉन रोग). मग २००० साली एक प्रयोग छापून आला, त्यात मॅड काऊची लागण केलेल्या पण वरून ठणठणीत दिसणाऱ्या मेंढीचं रक्त दुसऱ्या मेंढीला चढवलं आणि तिलाही रोग झाला. पुढे माणसांतही हेच दिसलं, ब्रिटनमध्येच एका पेशंटला १९९६ मध्ये रक्त मिळालं होतं, देणारा तेव्हा अगदी ठीक होता पण नंतर त्याला व्हेरिएंट सीजेडी झाला, आणि घेणाराही ६ वर्षांहून जास्त काळ ठीक राहून मग त्याच रोगाने आजारी पडला. ही केस वाचली की अजूनही पोटात गोळा येतो, कारण दोघांचीही काहीच चूक नव्हती.

आता टेस्ट कशी बनवायची? रक्तात चांगलं प्रोटीन भरपूर आणि बिघडलेलं अगदी नगण्य. लंडनच्या टीमने इथे छान डोकं लावलं, प्रायॉन स्टीलला घट्ट चिकटतात, ऑपरेशनच्या हत्यारांवरून ते निघत नाहीत ही डोकेदुखी आधीपासून माहीत होतीच, तर तोच गुण वापरून त्यांनी स्टीलची बारीक पावडर रक्तात घातली आणि प्रायॉन गोळा केले. २०११ मध्ये व्हेरिएंट सीजेडीच्या २१ सँपलपैकी १५ पकडले. नंतर अमेरिकेतल्या ५००० रक्तदात्यांचं रक्त तपासलं, एकही खोटा पॉझिटिव्ह नाही, आणि मला तर हाच आकडा जास्त मोलाचा वाटतो कारण चांगल्या माणसाला चुकून सांगितलं की तुला असा रोग आहे ज्यावर औषधच नाही, तर त्याचं काय होईल?

२०१६ मध्ये दुसऱ्या पद्धतीने, म्हणजे बिघडलेलं प्रोटीन लॅबमध्ये पुन्हा पुन्हा वाढवून, १४ पैकी १४ पेशंट पकडले गेले. एका वेगळ्या टीमला तर दोन रक्तदात्यांच्या रक्तात लक्षणं यायच्या १.३ आणि २.६ वर्षं आधीच खूण सापडली.

पण हे सगळं व्हेरिएंटचं. बहुतेक केसेस स्पोरॅडिक सीजेडीच्या, म्हणजे काही कारण न सापडता आपोआप होणाऱ्या प्रकाराच्या असतात, तिथे रक्तात प्रायॉन सापडणं फारच कठीण, त्यामुळे पाठीच्या कण्यातलं पाणी काढून आरटी-क्विक (बिघडलेलं प्रोटीन लॅबमध्ये वाढवून ओळखायची टेस्ट) करावी लागते आणि घाबरलेल्या, अस्थिर झालेल्या पेशंटला त्यासाठी कुशीवर स्थिर झोपवणं घरच्यांना बघवत नाही. म्हणून रक्तात मेंदूच्या पेशी मोडल्याच्या खुणा शोधायला लागले, टाऊ आणि न्यूरोफिलामेंट लाइट. सीजेडीमध्ये दोन्ही खूप चढतात, मात्र न्यूरोफिलामेंट एएलएस या स्नायू निकामी करणाऱ्या मज्जातंतूंच्या आजारात आणि काही डिमेन्शियांमध्येही चढतं, तेव्हा निरोगी माणसांशी तुलना करून आलेला झकास रिझल्ट बघून हुरळून जाऊ नये, खरा कस लागतो तो सीजेडीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या आजारांच्या पेशंटसमोर. घराण्यात म्युटेशन असलेल्या काही जणांत मात्र हे मार्कर लक्षणांच्या आधीच चढायला लागलेले दिसलेत, आणि उद्या औषध आलंच आणि ते वेळेत सुरू करायचं तर नेमकी तीच वेळ हाताशी लागायला हवी.