सुपरकॉम्प्युटरची तिफण

मृग लागला की विदर्भातल्या गावोगावच्या मोबाइलवर एक तक्रार फिरू लागते: एवढा महागडा सुपरकॉम्प्युटर आणला, तरी आमच्या शिवारातला पाऊस सांगता येत नाही. ज्याच्यावर दुबार पेरणीची पाळी आली, त्याचा राग खराच आहे. पण तक्रारीच्या मुळाशी एक अपुरी समजूत आहे. सुपरकॉम्प्युटर म्हणजे नुसती भरभर आकडेमोड, असं आपण धरून चालतो, आणि बातम्याही तेच सांगतात. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या ‘अर्का’चं उद्घाटन झालं, तेव्हा ११.७७ पेटाफ्लॉप्स हा आकडा सगळीकडे झळकला. सेकंदाला सुमारे ११,७७० लाख कोटी गणितं! त्याच यंत्राचा दुसरा आकडा ३३ पेटाबाइट साठवणीचा होता; एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख जीबी. त्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

तो का मोठा, ते हिशेब मांडला की दिसतं. मे २०२५ मध्ये सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ साधारण ६ किलोमीटरच्या चौकटींत अंदाज काढते. आधी ही चौकट १२ किलोमीटरची होती. हिशेबापुरती सगळी पृथ्वी ६ किलोमीटरच्या चौकटींनी झाकू. ५१ कोटी चौरस किलोमीटरला ३६ ने भागलं की १ कोटी ४० लाखांवर चौकटी होतात. प्रत्येकीवर हवेचे ६० थर धरले, तर तापमान या एकाच गोष्टीचे ८५ कोटी आकडे झाले. एका आकड्याला ४ बाइट म्हणजे ३.४ जीबी. वारा, दाब, बाष्प धरून अशा १० गोष्टी लिहायच्या तर ३४ जीबी, आणि तेही फक्त एका तासाचे. सेकंदाला २०० एमबी लिहिणारी एक हार्डडिस्क त्याला १७० सेकंद घेईल. दहा दिवसांचे २४० तास लिहायला सव्वाअकरा तास लागतील. गणित संपून हजारो प्रोसेसर हातावर हात धरून बसतील, आणि अंदाज पोचेपर्यंत पाऊस येऊन गेलेला असेल.

मोठी डिस्क लावून हे सुटत नाही. ऑफिसात वापरतात तशी एनएफएस व्यवस्था, म्हणजे सगळ्यांच्या फाइली एकाच सर्व्हरमधून नेटवर्कवर देणारी, लावली, तर जिनिंगच्या गेटवर कापसाच्या दोनशे गाड्या आणि आत काटा एकच, अशी गत होते. काटे वाढवायचे, तर कोणती गाडी कोणत्या काट्यावर, याचा हिशेब कुणीतरी ठेवला पाहिजे. लस्टर ही फाइलप्रणाली नेमकं हेच करते. नाव लिनक्स आणि क्लस्टर (एकत्र जोडलेल्या संगणकांचा समूह) या दोन शब्दांतून आलं. कामाला सुरुवात १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात पीटर ब्राम यांनी केली. आपल्याकडे परम या भारतीय सुपरकॉम्प्युटरांच्या मालिकेतली कित्येक यंत्रं तीच वापरतात.

लस्टरमध्ये एक पटवारी असतो, मेटाडेटा सर्व्हर. फाइलचं नाव, मालक, हक्क आणि तिचा मजकूर कुठे कुठे पडला आहे, एवढीच नोंद त्याच्या दप्तरात असते. मजकूर त्याच्याकडे नसतो, जसं वावर पटवाऱ्याच्या दप्तरात नसतं. फाइल उघडताना त्याला एकदा विचारायचं, मग थेट वावरात जायचं. ही वावरं म्हणजे ओएसटी (ऑब्जेक्ट स्टोरेज टार्गेट), मजकूर प्रत्यक्ष ठेवण्याच्या जागा. एकेक ओएसटी बहुधा १० डिस्कचा गठ्ठा असतो: ८ मजकुराच्या आणि २ जोखमीच्या, म्हणजे दोन डिस्क एकदम मेल्या तरी मजकूर शाबूत.

आणि फाइल पेरली जाते तिफणीनं. चाड्यात मूठ सोडली की दाणे तीन नळ्यांतून तीन ओळींत पडतात. इथे फाइलचा पहिला १ एमबी पहिल्या ओएसटीवर, दुसरा दुसऱ्यावर, तिसरा तिसऱ्यावर, की पुन्हा पहिल्यावर. नळ्या किती ठेवायच्या, ते आपल्या हातात असतं. ओएसटी सेकंदाला १ जीबी घेत असेल आणि ८ नळ्या लावल्या, तर आपले ३४ जीबी सव्वाचार सेकंदांत खाली.

खरी गंमत धुऱ्यावर आहे. शेकडो नोड, म्हणजे क्लस्टरमधले संगणक, एकाच फाइलमध्ये एकाच वेळी लिहितात, तेव्हा एकानं दुसऱ्याचं लिहिणं पुसू नये म्हणून फाइलच्या तेवढ्या पट्ट्याला कुलूप लागतं. कुलूप त्या ओएसटीचा सर्व्हरच देतो, आणि देतो सढळ हातानं: दुसरा कुणी मागणारा नसेल, तर मागितल्यापेक्षा कितीतरी मोठा पट्टा. साठवणयंत्रणांची तुलना करणाऱ्या आयओ५०० या कसोटीत मुद्दाम ४७,००८ बाइटांचे आडमुठे तुकडे लिहायला लावतात. १ एमबी म्हणजे १०,४८,५७६ बाइट. त्यात असे २२ तुकडे बसतात आणि १४,४०० बाइट उरतात. तेविसाव्या तुकड्याचे १४,४०० बाइट या वावरात आणि ३२,६०८ पलीकडच्या. एवढ्याशा तुकड्याला दोन वावरांची दोन कुलुपं! त्यात कुलूप ४,०९६ बाइटांच्या पानाच्या, म्हणजे मेमरीच्या ठरलेल्या मापाच्या तुकड्याच्या, हद्दीवर लागतं. पहिला तुकडा अकरा पानं भरून बाराव्यात १,९५२ बाइटांवर थांबतो, दुसरा तिथूनच सुरू होतो. दोन वेगळ्या नोडांचं एकच पान. मग सर्व्हर पहिल्याला सांगतो, कुलूप सोड. तो मेमरीत अडकलेला मजकूर आधी सर्व्हरकडे ढकलतो, मग सोडतो. दुसरा घेतो, तर तिसरा दारात उभा. लिहिण्यापेक्षा धुऱ्याचा वादच जास्त चालतो, आणि डिस्क रिकाम्या असून वेग कोसळतो.

यावर उपाय म्हणजे सगळ्यांनी लिहायचंच नाही. काही प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅमचे भाग, फक्त लिहिण्यासाठी वेगळ्या काढतात. बाकीच्या आपले तुकडे त्यांच्याकडे देतात, आणि या वेगळ्या काढलेल्या प्रोसेस पट्ट्याच्या हद्दीत नीट बसतील असे मोठे तुकडे एकसंध लिहितात. डब्ल्यूआरएफ या हवामान मॉडेलमध्ये या सोयीला क्विल्टिंग म्हणतात. तुकडे जोडून गोधडी शिवायची.

ही साठवण आणखी एका कामाची आहे. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या पहाटे पावसाचं भाकीत सांगतात. परंपरा म्हणून तिच्याबद्दल आपुलकी असू द्यावी, पेरणी मात्र तिच्यावर ठरवू नये. भाकीत कुठे चुकलं, किती चुकलं, का चुकलं, हे घटाला विचारता येत नाही. मॉडेलचा चुकलेला अंदाज आकड्यांसकट जपलेला असतो. मंडळातल्या पर्जन्यमापकाशी तो ताडून पाहता येतो, दुरुस्त करता येतो.

क्लस्टरवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी दोन गोष्टी. लहान फाइलींचा ढीग लस्टरवर टाकू नका. २ केबीच्या दहा लाख फाइली म्हणजे मजकूर २ जीबीच, पण पटवाऱ्याकडे दहा लाख खेपा. ‘टार’ या आज्ञेनं सगळ्या एकाच फाइलीत बांधून एक गठ्ठा ठेवा. दुसरी गोष्ट, नळ्यांची संख्या फाइल जन्मायच्या आधी ठरवायची असते: रिकाम्या डिरेक्टरीवर ‘एलएफएस सेटस्ट्राइप -सी ८’ दिलं की तिच्यातल्या नव्या फाइली आठ ओएसटींवर पसरतात. आधीच्या फाइली आपोआप पसरत नाहीत. काही टेराबाइटांची फाइल एकाच नळीनं लिहिली, तर ते एक वावर तुडुंब भरतं आणि एकूण साठवण अर्धी मोकळी असताना ‘जागा शिल्लक नाही’ असं उत्तर येतं. अशा वेळी मोकळी जागा सांगणारं साधं ‘डीएफ’ फसवतं, कारण ते सगळ्यांची एकच बेरीज दाखवतं. ‘एलएफएस डीएफ -एच’ प्रत्येक ओएसटी वेगळा दाखवतं. भरलेला सापडला, की ती फाइल ‘एलएफएस मायग्रेट -सी ८’ नं पसरवायची. मात्र ती हलत असताना तिच्यात कोणतंही चालू काम लिहीत नसावं.