तेर्स म्हणजे तिसरा हिस्सा: घरच्या जपमाळेची पार्श्वभूमी

गोव्यातल्या कॅथलिक घरांत संध्याकाळच्या जपमाळेला ‘तेर्स’ म्हणतात. वसईकडे ‘रोझरी’ किंवा ‘जपमाळ’ हे शब्द चालतात. तेर्स हा शब्द पोर्तुगीजमधून आला आणि त्याचा अर्थ तिसरा हिस्सा. संपूर्ण जपमाळेत १५ रहस्ये, म्हणजे येशू आणि मारिया यांच्या जीवनातले मननाचे प्रसंग, होती: पाच आनंदाची, पाच दुःखाची, पाच गौरवाची. प्रत्येक रहस्याला १० ‘नमो मारिया’ (मारियेला उद्देशून म्हणायची प्रार्थना), म्हणजे एकूण १५०. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत स्तोत्रेही तेवढीच आहेत. मठवासी स्तोत्रे म्हणत. वाचता न येणारे लोक त्यांच्या जागी पाठ असलेली प्रार्थना १५० वेळा म्हणत. १५ रहस्यांची रचना पोपच्या आज्ञापत्राने १५६९ मध्ये पक्की झाली. रोज सगळी कुठून होणार? म्हणून एका संध्याकाळी पाच रहस्ये, तीच तेर्स.

हा हिशेब २००२ च्या ऑक्टोबरमध्ये बदलला. त्या वेळच्या पोपनी एका पत्रातून प्रकाशाची पाच रहस्ये सुचवली: यार्देने नदीतला येशूचा बाप्तिस्मा, काना गावातले लग्न, देवाच्या राज्याची घोषणा, येशूचे रूपांतर आणि पवित्र भोजनाची स्थापना. कारण रास्त होते. आनंदाची रहस्ये बारा वर्षांच्या येशूपाशी मंदिरात थांबत आणि दुःखाची थेट गेथशेमाने बागेत, येशूच्या अटकेच्या रात्री, सुरू होत. मधली शिकवणुकीची वर्षे जपमाळेत नव्हतीच. पण २० रहस्यांचे २०० ‘नमो मारिया’ झाले, १५० स्तोत्रांशी असलेले नाते सुटले आणि तेर्स अर्थाने चौथा हिस्सा ठरली. नाव मात्र तेच राहिले. वारांचीही सांगड हलली. पूर्वी सोमवार-गुरुवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-शनिवार-रविवार गौरवाची रहस्ये असत. नव्या क्रमात गुरुवार प्रकाशाला गेला आणि आनंद शनिवारी सरकला. घरात जुने प्रार्थनापुस्तक असले की गुरुवारी आजी आनंदाचे पहिले रहस्य पुकारते आणि नातवंडे यार्देनेपासून सुरुवात करतात. अशा वेळी मुलांनी आजीला थांबवू नये. नवी रहस्ये ऐच्छिक आहेत आणि वारांची वाटणी मोकळीक काढून घेण्यासाठी नाही, हे त्या पत्रातच लिहिले आहे. वादात हे वाक्य फार कमी वेळा वाचले जाते.

माळेत मणी ५९: ५३ ‘नमो मारिया’चे, सहा प्रभूच्या प्रार्थनेचे. क्रुसावर विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणतात. मग एक मोठा मणी आणि विश्वास, आशा, प्रीती यांसाठी तीन लहान मणी. पुढे प्रत्येक रहस्याचे नाव, प्रभूची प्रार्थना, दहा मणी आणि त्रैक्याचा गौरव (पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांची छोटी स्तुती). सावकाश म्हटले तर वीस मिनिटे लागतात. वर लितानी (विनवण्यांची माळ), मृतांसाठीची प्रार्थना आणि एखादे गीत जोडले की अर्धा तास होतो. सवय बहुधा इथेच मोडते. लहान मुले पेंगतात, मोठे वेग वाढवतात आणि प्रार्थना सांगणारा तिचा पूर्वार्ध संपवायच्या आतच बाकीचे उत्तरार्ध सुरू करतात. वेग कमी करायचा तर जोडलेल्या प्रार्थना आधी गाळाव्यात. रहस्याचे नाव घेतल्यावर दोन श्वास थांबणे गाळू नये, कारण मनन तिथेच होते.

संकटात ही प्रार्थना टिकते, कारण तिला वेदी लागत नाही, धर्मगुरू लागत नाही, दिवाही लागत नाही. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांत क्रूस उभे राहिले आणि लोक तिथे उघड्यावर जपमाळ म्हणू लागले. वांद्र्यात त्यांतले काही आजही आहेत. २०२० च्या मार्चअखेर कोविडमुळे चर्चची दारे बंद झाली, तेव्हा जपमाळ फोनवर गेली. तिथे आवाज मागेपुढे पोहोचतो आणि सामूहिक उत्तराचा गोंधळ होतो. त्यामुळे एकाच घराचा माइक सुरू ठेवून बाकीच्यांनी आपापल्या घरी उत्तर देण्याची पद्धत उपयोगी पडली. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे दुसऱ्यांदा उघडली ७ ऑक्टोबर २०२१ रोजी. त्या दिवशी घटस्थापना होती आणि जपमाळेच्या मातेचा, म्हणजे मारियेचा, सणही.

आजाऱ्याच्या उशाशी पाचही रहस्ये म्हणण्याचा आग्रह धरू नये. एक रहस्य, दहा मणी पुरेत. आजाऱ्याला बोलवत नसेल, तर माळ त्याच्या हातात द्यावी आणि दर प्रार्थनेला एक मणी त्याच्या बोटांखालून सरकवावा.